थोरला की धाकटा: पिकअपमागच्या बंद ट्रेलरची निवड

पिकअप दारात आहे, हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) बसवलेली आहे आणि आता मागे ओढायला बंद कार्गो ट्रेलर हवा आहे, इथवर तुम्ही आला आहात असं धरून चालतो. बॉलचे आकार, वायरिंगचे रंग वगैरे पुन्हा उगाळत नाही.

माझ्याकडे आधी ७ बाय १४ फुटांचा, दोन एक्सलचा ट्रेलर होता. मागे रॅम्पचं दार, म्हणजे खाली पडून उतरंड होते तसलं. तीन वर्षं वापरला आणि विकला. आता ६ बाय १२ चा आहे, एकाच एक्सलचा, मागे कपाटासारखं दोन झडपांचं दार. सोयीसाठी पहिल्याला थोरला म्हणतो आणि दुसऱ्याला धाकटा. इकडे अमेरिकेत विक्रेत्याच्या आवारात फिरायला लागलात, की याच दोघांच्या अधेमधे कुठेतरी तुमचंही मन घुटमळणार.

माझं काम काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. मी लाकडी टेबलं आणि बाकं बनवतो आणि शनिवार-रविवारी हस्तकलेच्या बाजारांत नेऊन विकतो. सामान आडमाप आहे पण जड नाही. जागा खातं, वजन फार भरत नाही. तुम्ही फरशा किंवा यंत्रं नेत असाल तर माझं म्हणणं थोडं कमी करून ऐका.

थोरल्याची क्षमता ट्रेलर आणि माल मिळून ७००० पौंड, ३५०० चे दोन एक्सल. रिकामा असताना माझा २३०० च्या घरात होता, म्हणजे आत साडेचार हजार पौंडांहून जास्त भरायला मुभा. धाकट्याच्या पाटीवर लिहिलंय २९९०. हा आकडा पहिल्यांदा वाचला की हसू येतं; पुढचे दहा पौंड काय जड झाले होते? गंमत अशी की खालचा एक्सल बऱ्याचदा ३५०० चाच असतो. पण बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, काही राज्यांत त्याच्याही आधी, म्हणून कंपन्या मुद्दाम दहा पौंड अलीकडे थांबतात आणि बिनब्रेकचा ट्रेलर स्वस्तात विकतात. तेवढी बचत करू नका असं मी म्हणेन. मी जास्तीचे पैसे देऊन इलेक्ट्रिक ब्रेक घेतले आणि पहिल्याच पावसाळी उतारावर ते वसूल झाले.

थोरला घेताना माझा हिशेब साधा होता: असू दे मोठा, क्षमता काय वाया जाते? मग एकदा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर सगळा लवाजमा चढवला. टेबलं, बाकं, तंबू, तंबूला धरून ठेवणारी वजनं, ढकलगाडी, सगळं मिळून आतला माल ११०० पौंडांच्या आसपास निघाला. साडेचार हजारांची मुभा घेऊन मी त्यातला चौथा हिस्सा वापरत होतो आणि उरलेलं लोखंड पेट्रोल जाळून फिरवत होतो. शिवाय हिचवर येणारा भार साधारण एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायचा असतो. थोरल्याचे चारशेएक पौंड पिकअपच्या पाठीवर बसायचे, धाकट्याचे तीनशे. हा सगळा भार तुमच्या पिकअपच्या दाराच्या चौकटीवर जो पेलोडचा, म्हणजे पिकअपने स्वतःवर वाहायच्या वजनाचा स्टिकर असतो, त्यातून वजा होतो, माणसांसकट. ओढण्याच्या क्षमतेचा जाहिरातीतला आकडा सगळे पाठ करतात, हा पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवरचा फार कमी लोक वाचतात.

वाऱ्याचं मात्र मी आधी हसण्यावारी नेलं होतं. बंद ट्रेलर ओढताना वजनापेक्षा वारा जास्त त्रास देतो. थोरला समोरून सात फूट रुंद, आतून सात फूट उंच. धाकटा सहा रुंद, साडेसहा उंच. म्हणजे ४९ चौरस फुटांच्या भिंतीऐवजी ३९ ची. आणि वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेलात की तो जवळजवळ ४० टक्क्यांनी चढतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ५५ चीच मर्यादा आहे. लोक तिला शिव्या घालतात, पेट्रोलची टाकी घालत नसावी. मी मायलेजच्या नोंदी ठेवलेल्या नाहीत. पण ज्या बाजाराला जाताना थोरल्याबरोबर वाटेत एकदा पंपावर थांबावंच लागायचं, तिथे धाकट्याबरोबर मी थेट पोचतो, एवढं खरं. पुढच्या टोकदार नाकाने वारा कापला जातो असं विक्रेता सांगेल. थोडा कापला जातही असेल. मला नाकाचा उपयोग आत तंबूचे खांब उभे करून ठेवायला झाला, तोही चांगलाच आहे.

रुंदीचा आणखी एक भाग: सात फुटी खोक्याला बाहेरून चाकांचे मडगार्ड जोडले की एकूण रुंदी साडेआठ फुटांपर्यंत, म्हणजे कायद्याच्या १०२ इंचांच्या काठावर जाते. नेहमीच्या आरशांत मागचं काही दिसत नाही, लांब हाताचे आरसे लावावे लागतात. धाकट्याच्या मागचं मला माझ्या आरशांतून पुरेसं दिसतं.

थोरल्याची बाजू मी मुद्दाम कमी करून सांगतोय असं वाटायला नको. दोन एक्सलचा ट्रेलर रस्त्यावर शांत चालतो. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला तर धाकटा किंचित अंग चोरतो, थोरला ढिम्म. एकदा थोरल्याचं एक टायर हायवेवर फुटलं आणि मला ते पंपावर उतरल्यावर कळलं; उरलेल्या तिघांनी ओझं सांभाळलं होतं. धाकट्याकडे ही चैन नाही. एक टायर गेलं की एक बाजूच गेली. म्हणून स्टेपनी कायम बरोबर असते, आणि टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्यावरची बनल्याची तारीख मी बघतो, कारण ट्रेलरची टायरं झिजण्याआधी उभ्या उभ्याच म्हातारी होतात.

उलट घरी आल्यावर थोरला म्हणजे हट्टी बैल. दोन एक्सलचा ट्रेलर हाताने वळत नाही, तीव्र वळणावर टायरं जमिनीवर खरडतात. धाकटा रिकामा असला की पुढच्या जॅकच्या चाकावर मी आणि बायको मिळून गॅरेजच्या कडेच्या बोळात ढकलतो. बायको म्हणते, ‘आपण मिळून ढकलतो’ हे वर्णन अतिशयोक्त आहे. असो.

तरीही एवढ्याने मी थोरला विकला नसता. विकला तो रॅम्पमुळे.

रॅम्प दाखवताना विक्रेता एका हाताने तो खाली सोडतो. दोन्ही बाजूंच्या तारा आणि वरची स्प्रिंग त्याचा भार तोलतात, अलगद खाली येतो, आणि आपल्या डोळ्यांसमोर त्यावरून डौलात चढणारी मोटारसायकल येते. माझ्याकडे मोटारसायकल नाही. मला रोज लागायचा एखादा पाना, चिकटपट्टी, विसरलेली किल्ली. त्या पान्यासाठी दोन कुलपं, दोन अडसर, मग सगळी मागची भिंतच खाली. अर्धा रॅम्प उघडता येत नाही. पाऊस असला तर तो भिजतो, जमीन चिखलाची असली तर चिखल खातो, आणि बंद केला की तो चिखल आतल्या बाजूला, टेबलांकडे तोंड करून उभा. ‘बाजूचं छोटं दार आहे की!’ असं तुम्ही म्हणाल. आहे. पण भरलेल्या ट्रेलरमध्ये त्या दारासमोर काय असतं? बाक असतं.

आमच्या घराची गाडीवाट रस्त्याकडे उतरती आहे. ट्रेलरचं शेपूट उताराकडे, त्यामुळे रॅम्प आणखी खाली जायचा आणि त्याचं टोक फूटपाथवर पडायचं. शेजारच्या आजी रोज संध्याकाळी कुत्रा घेऊन निघतात. त्या वळणावर दिसल्या की मी रॅम्प वर घ्यायचो, त्या गेल्या की खाली सोडायचो. त्या दर वेळी थांबून माफी मागायच्या, त्याने मला जास्तच ओशाळं व्हायचं.

आणि मग तो बाजार. सामान उतरवण्याच्या रांगेत गाड्या एकामागे एक लावलेल्या. माझ्या पुढे एक ट्रक, मागे एक व्हॅन आली आणि पाच फूट सोडून उभी राहिली. व्हॅनवाल्याच्या मते पाच फूट भरपूर होते, आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीला ते भरपूरच असते. पण रॅम्प साडेसहा फूट, त्याच्या टोकाला सव्वा फुटाचा फ्लॅप, म्हणजे जोडपट्टी, शिवाय उघडणाऱ्या माणसाला पाय मागे घ्यायला जागा. व्हॅनवाला कॉफी आणायला गेलेला. बाजूच्या ३२ इंची दारातून मी एकेक बाक काढलं. पण आठ फुटी टेबल सात फूट रुंदीत आडवं फिरवणार कसं? ते आतच उभं राहिलं. चाळीस मिनिटांनी व्हॅनवाला परतला, हसला, गाडी मागे घेतली. चूक त्याची नव्हतीच. गिऱ्हाईकं आली तेव्हा माझ्या तंबूत बाकं मांडलेली होती आणि टेबल एकही नव्हतं.

धाकट्याची प्रत्येक झडप पावणेतीन फुटांची. मागे तीन फूट मिळाले की उघडते. पाना हवा तर एकच झडप उघडायची, हात घालायचा, बंद. पावसात उजवी लावून डावीच्या आडोशाला काम करता येतं. वाटेत सामान सरकून दाराला टेकलेलं असेल तर एक झडप चार बोटं उघडून आधी डोकावता येतं. रॅम्प सोडताना जे टेकलेलं असतं ते थेट अंगावर येतं.

झडपांचे दोष आहेतच. वारा त्यांना खेळणं समजतो. बाजूला अडकवून ठेवायच्या प्लास्टिकच्या पकडी थंडीत तुटतात. मी दोन्हीकडे स्टीलच्या बसवल्या. ढकलगाडी चढवायला वेगळ्या अॅल्युमिनियमच्या फळ्या न्याव्या लागतात, त्या लावायला दोन मिनिटं जातात आणि त्या कुठेतरी ठेवाव्याही लागतात. तुमची जास्तीत जास्त कामं चाकांवरची असतील, बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, मोटारसायकल, चाकांची मोठी पेटी, तर रॅम्पच घ्या. फळ्यांवरून मोटारसायकल एकट्याने चढवणं हा छंद मी कुणाला सुचवणार नाही. एवढंच सांगेन की आठवड्यातून किती वेळा चाकांवरचं काही चढवता आणि किती वेळा नुसतं दार उघडता, हे घेण्याआधी बोटांवर मोजून बघा. ढकलगाडी सोडली तर माझी पहिली संख्या शून्य निघाली, तीही तीन वर्षांनी.

दोघांचा मेळही घालता येतो. इंडियानातल्या एल्कहार्टच्या आणि जॉर्जियाच्या दक्षिण भागातल्या कारखान्यांतून हे ट्रेलर ढिगाने बनतात आणि बरेच जण मागणीप्रमाणे दार बदलून देतात. मोठा, दोन एक्सलचा आणि झडपांचा, असाही मिळेल, फक्त थांबावं लागेल. मी थांबायला तयार होतो. मग वजनकाट्याची पावती पुन्हा काढून पाहिली आणि धाकटाच घेतला.

घेताना भिंतींच्या सांगाड्यातल्या खांबांमधलं अंतर मोजा. १६ इंचांवर खांब असले तर आत फळ्या आणि कड्या ठोकायला जागोजाग आधार मिळतो, २४ वर हात चाचपडत राहतो. नवीन घेतलात तर पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, मग विक्रेत्याने काहीही सांगितलेलं असो. आणि भर दुपारी आत जाऊन उभे राहा, बाहेरच्याला दार लावायला सांगा, डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. धाकट्यात छताच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीएवढा ठिपका दिसला होता. विक्रेत्याने माझ्यासमोर सीलंट भरलं, मी पुन्हा आत गेलो, आणि त्याने दोन्ही झडपा लावून बाहेरून अडसर टाकला. आतून उघडत नाही, हे तेव्हा कळलं.