कागदावर कुत्री, बोलण्यात लांडगीण

मी फसले त्याला आता अकरा महिने झाले. लिहायला एवढा उशीर का, तर त्यातले सहा महिने मला वाटत होतं की गुन्हेगार मीच आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं, "वुल्फडॉगची पिल्लं, ७५ टक्के लांडगा." वुल्फडॉग म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. खाली फोटो. करडी पाठ, तोंडावर पांढरा मुखवटा, निळेशार डोळे. लहानपणापासून घरात कुत्री बघत आलेली, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं अशी माझी समजूत. फोन लावला. पलीकडचा माणूस मवाळ बोलणारा, अजिबात घाई न करणारा. हे कायद्यात बसतं का, हा पहिला प्रश्न मीच विचारला. उत्तर तयार होतं. "ताई, युरोपात चौथ्या पिढीपर्यंतच बंधन आहे. ब्रिटनमध्ये तर तिसऱ्या पिढीपासून परवानाच लागत नाही. आपलं पिल्लू एफ-५ आहे, म्हणजे पाचव्या पिढीचं, बिनधास्त घ्या."

मी भोळेपणानं ऐकून घेतलं असं कुणी समजू नये. रात्री बसून शोधलं. ब्रिटनमध्ये १९७६ चा धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा आहे. लांडग्याच्या संकराच्या पहिल्या दोन पिढ्यांना त्याखाली स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, पुढच्यांना नाही. युरोपियन युनियनच्या वन्यजीव व्यापाराच्या नियमांत आधीच्या चार पिढ्यांत लांडगा असेल तर संकराला लांडग्याचेच नियम लागतात. म्हणजे माणूस बोलला ते अक्षरशः खरं होतं. माझी खात्री पटली आणि दुसऱ्या दिवशी मी विसार पाठवला.

मी ब्रिटनमध्ये राहत नाही आणि युरोपियन युनियनमध्येही नाही, हे त्या रात्री माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मी राहते तिथल्या कायद्यात पिढ्यांचा हिशेबच नाही. लांडगा विनापरवाना बाळगता येत नाही, त्याचा संकरही त्यातच धरतात आणि पैदाशीला वेगळी परवानगी लागते. त्यानं मला खोटा कायदा सांगितलाच नाही, दुसऱ्याच्या घरचा सांगितला. अमेरिकेत तर राज्याराज्यांत फरक आहे. अलास्कात असा संकर बाळगायलाच नव्हे, विक्रीसाठी त्याची जाहिरात करायलाही बंदी आहे. मिशिगनमध्ये २००० सालापासून त्यावर स्वतंत्र कायदा आहे आणि पैदासही बंद. कॅलिफोर्नियात एफ-१ ला राज्याचा परवाना लागतो, पुढच्या पिढ्यांना नाही, पण एखाद्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, स्वतःचा नियम आड येऊ शकतो. "अमुक ठिकाणी चालतं" या वाक्याला आपल्या दारात काही किंमत नसते.

आता तो एफ-५ आणि ७५ टक्क्यांचा मेळ. यातलं एफ म्हणजे शेवटच्या शुद्ध लांडग्यापासून मोजलेली पिढी. लांडगा आणि कुत्रा यांचं पिल्लू एफ-१, म्हणजे निम्मा लांडगा. पुढे दर पिढीला कुत्र्याशीच जोडी लावत गेलं तर एफ-२ मध्ये सरासरी पाव, एफ-३ मध्ये साडेबारा टक्के, आणि एफ-५ पर्यंत येता येता जेमतेम तीन टक्के उरतात. संकराचीच संकराशी जोडी लावत राहिलं तर मात्र टक्का फारसा उतरत नाही, त्यामुळे एफ-५ असूनही टक्का जास्त असणं अशक्य नाही. पण तसं असेल तर प्रत्येक पिढीची नोंद दाखवता आली पाहिजे. त्याच्याकडे आई-बापाच्या एका धूसर फोटोपलीकडे काहीच नव्हतं. गिऱ्हाईकाला हवा म्हणून टक्का चढा आणि कायद्याला हवी म्हणून पिढी लांबची, असे दोन्ही आकडे त्यानं ज्याचे त्याला वाटून दिले होते.

पिल्लू घरी आलं. सोबत पावती आली. तिच्यावर "जर्मन शेफर्ड मिश्र, मादी" एवढंच. फोन केला तर हसला. "ताई, कागदावर लांडगा कोण लिहितं? ते तुमच्याच भल्यासाठी आहे." मीही हसले. चुकीची कबुली द्यायचीच तर ही पहिली. कागद खोटा आहे हे मला माहीत होतं आणि तो माझ्या सोयीचा आहे म्हणून मी गप्प बसले.

दुसरी चूक लोभाची. त्यानं पैदाशीचा करार पुढे केला. मादी मोठी झाली की नर तो देणार, पहिल्या वेतातली सगळी पिल्लं तोच विकत घेणार, माझे पैसे एका झटक्यात सुटणार. या "हक्का"साठी वेगळी रक्कम. मी दिली. जी पैदास मुळात परवानगीशिवाय करताच येत नाही, तिचा हक्क मी एका अनोळखी माणसाकडून पैसे मोजून घेतला!

उलगडा झाला तो लस देताना. डॉक्टरांनी नोंदीसाठी जात विचारली. मी चाचरत "वुल्फडॉग" म्हणाले आणि त्यांनी हातातली सिरिंज खाली ठेवली. लांडगा आणि कुत्रा जीवशास्त्राच्या दृष्टीनं इतके जवळचे आहेत की कुत्र्याला लांडग्याचीच उपजात मानणारे शास्त्रज्ञ बरेच आहेत. तरी अमेरिकेत संकरासाठी मान्यता असलेली रेबीजची लस एकही नाही, कारण चाचण्या कुत्र्यांवर झालेल्या आहेत. याचा अर्थ लस काम करत नाही असा नव्हे. पण कायद्याच्या नजरेत ते जनावर लस न घेतलेलंच राहतं. धडधाकट कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवतात. संकराला ही सवलत मिळेलच असं नाही. त्याला मारून मेंदू तपासायची वेळ येऊ शकते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही मला कुत्री सांगाल तर मी कुत्री लिहीन. पण उद्या ती कुणाला चावली तर काय सांगाल ते आजच ठरवा."

घरी येऊन त्या माणसाला फोन केला, पैसे परत मागितले. आवाज तोच, मवाळ. "ताई, तक्रार खुशाल करा. पण विनापरवाना वन्य प्राणी तुमच्या घरात आहे, माझ्या नाही. माझ्या पावतीवर तर जर्मन शेफर्ड आहे."

फास हा असा होता. ती लांडगीण निघाली तर मी गुन्हेगार, साधी कुत्री निघाली तर मूर्ख. दोन्ही बाजूंनी तो सुटलेला. आपण तक्रार करणार नाही याची खात्री असलेलंच गिऱ्हाईक तो शोधत होता, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतरचे सहा महिने मी तिला अंधार पडल्यावरच फिरवलं. शेजारी "कुठल्या जातीची?" म्हणून विचारायचे तेव्हा पोटात गोळा यायचा.

तिनंच सोडवलं खरं तर. चार महिन्यांची झाली तरी डोळे निळेच. लांडग्याची पिल्लं निळ्या डोळ्यांनी जन्मतात, पण काही आठवड्यांतच तो रंग पिवळसर व्हायला लागतो, मोठ्या लांडग्याचे डोळे निळे नसतातच. जन्मतः लांडग्याची पिल्लं गडद रंगाची असतात, जाहिरातीतला तो गोंडस पांढरा मुखवटा दीड महिन्याच्या पिल्लाला असणं हे हस्की-मॅलम्यूट या बर्फाळ प्रदेशातल्या कुत्र्यांच्या जातींचं लक्षण. तिची शेपूट पाठीवर वळायला लागली, लांडग्याची खाली सरळ लोंबते. मी तेव्हा त्याला फोटो पाठवून विचारलंसुद्धा होतं, शेपूट का वळतेय म्हणून. उत्तर आलं नाही. शिवाय लांडगे वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीला जुगतात आणि नऊएक आठवड्यांनी वितात. या माणसाकडे बारा महिने "ताजी" पिल्लं असायची. कमी टक्क्याच्या संकरात हे सगळं गडबडू शकतं, पण पाऊण लांडग्याच्या बाबतीत एवढं सगळं एकदम?

शेवटी डीएनए चाचणी केली. पिढी कुठली हे अशी चाचणी खात्रीनं सांगू शकत नाही, पण लांडग्याचा अलीकडचा अंश असेल तर सहसा कळतो. निकाल आला तो हस्की, मॅलम्यूट, जर्मन शेफर्ड. लांडगा नाही. मी आधी रडले, मग तिला भर दुपारी रस्त्यावर फिरायला घेऊन गेले.

अहवाल घेऊन वन्यजीव खात्यात गेले. तिथल्या बाईंनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाल्या, की ज्यांचा निकाल उलटा येतो त्यांच्याकडून आम्हाला जनावर जप्त करावं लागतं, आणि त्याला ठेवायला जागा मिळणं मुश्किल असतं. फसवणुकीची तक्रार नोंदवली आहे. जाहिरात, पावती, करार, संभाषणं सगळं जोडलंय. पैसे परत आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. नवं वेत, "८० टक्के". पिल्लांखाली आईचा फोटो आहे. तो मीच पाठवलेला, माझ्याच कुत्रीचा. शेपूट तेवढी कापून टाकलीय.