अनगोळच्या काकांकडचे फ्रोझन उंदीर, दीड वर्ष घेऊन मग लिहितोय

माझ्या पाळीव सापाचं खाणं घ्यायला पहिल्यांदा गेलतो तेव्हा सरळ म्हटलं, "काका, दहा हॉपर द्या." हॉपर म्हणजे उड्या मारायच्या वयाचं उंदराचं पिल्लू. त्यांनी फ्रीजर उघडलाच नाही. "साप किती ग्रॅमचा हाय ते आधी सांग." मला सांगता येईना. "मग वजन करून ये की, त्याशिवाय मी काय देऊ तुला?" वडगावातनं गाडी काढून अनगोळला गेलेलो, रिकाम्या हातानं परत आलो, आणि खरं सांगतो त्या दिवशी लई राग आलेला. आज दीड वर्ष झालं, त्यांच्याकडनंच घेतोय, आणि हा रिव्ह्यू त्या एका प्रश्नासाठीच लिहायला घेतलाय.

त्यांचं नाव आणि गल्ली लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. घराच्या मागच्या खोलीत पांढरे उंदीर वाढवतात, आजूबाजूला सगळी वस्ती, उगीच चर्चा नको म्हणून. बेळगावात साप पाळणारी जी चार पोरं आहेत त्यांना विचारलं की पत्ता कळतो.

आता माझ्या सापाचं. कॉर्न स्नेक, नाव मक्या. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा. पोटाखाली मक्याच्या दाण्यांसारखी चौकडी असते, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. आपल्याकडची धामण, नाग, कवड्या वगैरे पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मक्याचा फोटो बघितला की कोण ना कोण विचारतंच, शेतात सापडलेला ठेवू काय म्हणून. नाही ठेवायचा. मक्या पिंजऱ्यात जन्मलेला, पावतीसकट घेतलेला.

घरी आणला तेव्हा पेन्सिलीएवढा होता. वजन मात्र तेव्हा केलंच नाही, तिथंच सगळं चुकलं.

काकांच्या आधी मी उंदीर ऑनलाइन मागवत होतो. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. थर्माकोलच्या डब्यात रात्रीच्या बसनं पार्सल यायचं, पहाटे जाऊन उचलायचं, अर्धे वितळलेले असायचे. पण खरा त्रास तो नव्हताच. पाकिटावर नुसतं 'फझी' लिहिलेलं, म्हणजे बारीक लव आलेलं उंदराचं पिल्लू, आणि आत एक ४ ग्रॅमचा तर एक ९ ग्रॅमचा. मला काय कळतंय, पाकिटावर फझी आहे म्हणजे फझी, काढला आणि दिला. डिसेंबर होता, बेळगावची थंडी तुम्हाला माहीतच आहे, त्यात त्या रात्री लाइट गेली आणि टाकी उबदार ठेवणारी हीट मॅट बंद पडली, आणि दुसऱ्या दिवशी पुतणीनं हट्ट केला म्हणून मी त्याला बाहेर काढून तिच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी टाकीत वास. मक्यानं अख्खा उंदीर परत बाहेर टाकलेला, अर्धवट पचलेला. आई म्हणाली उलटी झाली त्याला, ताक पाज थोडं. मी मात्र घाबरून गेलो, आणि त्याहून मोठी चूक केली, भूक लागली असेल म्हणून तीन दिवसांनी परत दिला. तोही बाहेर.

हे सगळं काकांना नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि एक एक गोष्ट सुटी करून सांगितली. भक्ष्य मोठं, ही एक. टाकी थंड, ही दुसरी, कारण सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं, एका बाजूला २९-३० डिग्री मिळाली नाही तर उंदीर पोटात पचायच्या आधी कुजायला लागतो. खाल्ल्यावर ४८ तासांच्या आत हाताळला, ही तिसरी. आणि एकदा बाहेर टाकल्यावर पोटातलं आम्ल कमी झालेलं असतं, ते परत भरून यायला दहा ते चौदा दिवस काहीच द्यायचं नाही, फक्त पाणी, आणि मग पहिलं खाणं नेहमीच्या निम्म्या वजनाचं. मी बारा दिवस थांबलो. त्या बारा दिवसांत आईनं मला रोज विचारलं, उपाशी मारतोस काय त्याला. बाराव्या दिवशी काकांकडचा ३ ग्रॅमचा दिला, तो राहिला. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही बाहेर आलेला नाही.

वजनाची गोष्ट अशी की माझा एक मित्र शहापुरात सराफ आहे. काकांनी परत पाठवलं त्या दिवशी मक्याला कापडी पिशवीत घालून त्याच्याच दुकानात गेलो, दुपारी गिऱ्हाईक नसताना, सोन्याच्या काट्यावर ठेवला. पिशवीचं वजन वजा करून ४६ ग्रॅम. म्हणजे साडेचार तोळे. आणि मी ह्या साडेचार तोळ्याच्या जिवाला ९ ग्रॅमचा उंदीर दिलेला, त्याच्या वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. ते गणित डोक्यात बसलं तेव्हा पोटात कालवलं.

आता घरी किचनचा साधा डिजिटल काटा आहे, मोठ्या सापाला तेवढा पुरतो. पण पिल्लू असेल तर एकेक ग्रॅमच्या टप्प्यानं वजन दाखवणाऱ्या काट्यावर भरवसा ठेवू नका. अंड्यातनं बाहेर आलेलं पिल्लू सहा ते दहा ग्रॅमचं असतंय, त्यात एका ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के किंवा त्याहून जास्तच. दागिने मोजायचा छोटा पॉकेट काटा घ्या.

काकांच्या मालाची खरी किंमत इथंच आहे. ते नाव बघून विकत नाहीत, ग्रॅम बघून विकतात. प्रत्येक उंदीर वेगळ्या झिप पाऊचमध्ये, सरळ झोपवून गोठवलेला, शेपूट वाकडी नाही, आणि पाऊचवर मार्करनं वजन आणि तारीख. मी पहिल्या खेपेला वीसच्या वीस घरी येऊन मोजले, विश्वासच बसेना. जास्तीत जास्त अर्ध्या ग्रॅमचा फरक. पिंकी म्हणजे नुकताच जन्मलेला, केस नसलेला, एक ते तीन ग्रॅमच्या आसपास. फझी म्हणजे बारीक लव आलेला, तीन ते सहा. हॉपर म्हणजे डोळे उघडलेला, उड्या मारायला लागलेला, सात ते बारा. मोठा वीसच्या पुढं, पंचवीस-तीसपर्यंत. पण ह्या सीमा प्रत्येक विकणारा आपापल्या धरतो, त्यामुळं नावावर जाऊ नका.

किती द्यायचा ह्यासाठी काकांचा हिशोब सोपा आहे आणि मी वाचलं त्याच्याशीही तो जुळतो. पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा टक्के, फार तर पंधरा. मोठ्या सापाला पाच ते दहा. शिवाय जाडी बघायची, सापाचा मधला सगळ्यात जाड भाग जेवढा तेवढाच उंदीर जाड, फार झालं तर दीडपट. खाल्ल्यानंतर पोटावर हलका फुगवटा दिसावा, लिंबू गिळल्यासारखा गोळा नको. आणि अधल्यामधल्या वजनाला अडलं तर मोठा एक देण्यापेक्षा छोटे दोन द्या, हे त्यांनी मला दहादा सांगितलंय. मक्या ६० ग्रॅमचा असताना हॉपर संपलेले, तेव्हा ३ ग्रॅमचे दोन एकापाठोपाठ एक दिले, व्यवस्थित खाल्ले.

किती दिवसांनी, ह्यावर मात्र माझं आणि काकांचं थोडं वाजलं. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, वाढत्याला आठवड्यानं, इथपर्यंत एकमत. मोठ्याला मी आठवड्यालाच देत होतो, कारण दर रविवारी तो बाहेर येऊन काचेला तोंड लावून बसायचा, मला वाटायचं भुकेला आहे. काका म्हणाले कॉर्न स्नेक कायमच मागणार, त्याचं ऐकायचं नाही. मग एकदा त्यांनी मक्याला हातात घेऊन शेपटीच्या वरचा भाग दाखवला, तिथं चरबीनं फुगायला लागलेलं, वाकला की खवल्यांच्या मधली कातडी दिसत होती. सापाला चरबी चढली की ती लिव्हरवर जाते आणि आयुष्य कमी होतं, नीट ठेवला तर हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो. त्या दिवसापासून बारा दिवसांवर आलो. आज मक्या २८० ग्रॅमचा आहे, २२ ते २५ ग्रॅमचा एक मोठा उंदीर, बारा दिवसांनी एकदा, बास. सहा महिन्यांत फुगवटा उतरला. म्हणजे महिन्याला त्यांचे चार-पाचचे दोन-तीनच झाले की, स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारा सल्ला कोण देतो सांगा.

वेळापत्रक पाळा म्हणजे तारखेला चिकटून बसा असंही नाही. गेल्या नागपंचमीला नेमका त्याचा खायचा दिवस आला. आई पाटावर गंधानं नाग काढत होती, घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि मी फ्रीजरमधनं उंदीर काढायला निघालेलो. ती काय बोलली नाही, नुसतं बघितलं. मी परत ठेवला, दोन दिवसांनी दिला. मोठ्या सापाला दोन-चार दिवस उशीर झाला तर काही होत नाही, खरंच नाही. त्याच दिवशी तिनं मक्यासाठी वाटीत दूध आणलेलं, ते मात्र मी घालू दिलं नाही. साप दूध पचवू शकत नाही, त्याला पाणी द्यायचं. तिनं ऐकलं, आणि टाकीतली पाण्याची वाटी स्वतः घासून ताज्या पाण्यानं भरून ठेवली. तेव्हापासून त्याचं पाणी बदलायचं काम तिच्याकडंच आहे.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधाळ होतात, त्या आठवड्यात बरेच साप खात नाहीत, मक्याही नाही. तेव्हा उंदीर काढून वाया घालवू नका. वितळलेला परत गोठवायचा नाही.

वितळवायची रीत काकांनी पाऊचसोबत चिठ्ठीवर लिहून दिलेली, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत, कारण चिकोडीकडनं आणि गोकाककडनंही पोरं येतात त्यांच्याकडं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात, घरच्या खाण्यापासून लांब. दुसऱ्या दिवशी पाऊचसकट कोमट पाण्यात, अंगाला हात लावला की आपल्या हाताएवढा गरम लागला पाहिजे, आतनं थंड गोळा राहता कामा नये. मायक्रोवेव्ह नाही, बाहेरनं शिजतो आणि आत बर्फ राहतो, कधी फुटतोही. लांब चिमट्यानं द्यायचा, बोटानं नाही. नंतर साबणानं हात धुवायचे, सापाच्या अंगावर साल्मोनेला म्हणजे पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, लहान पोरं असलेल्या घरात हे विसरून चालत नाही.

जिवंत का नाही, असं ज्यांना वाटतंय त्यांना सांगतो, कोंडलेला उंदीर सापाला चावतो, डोळा जातो, तोंड सडतं, आणि उंदरालाही ते हाल कशाला. काका कार्बन डायऑक्साइड वापरतात, मी स्पष्ट विचारलं आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेजारचे एक आजोबा म्हणाले रविवार पेठेत धान्याच्या गोदामात फुकट मिळतील की. तसले अजिबात देऊ नका, गोदामात औषध ठेवलेलं असतं, ते खाल्लेला उंदीर सापानं गिळला की विष सापाला लागतं, शिवाय जंत, गोचिड्या वेगळ्या.

आता जे पटलं नाही ते. फक्त रविवारी सकाळी देतात, इतर दिवशी फोन उचलत नाहीत. कमीत कमी दहा घ्यावे लागतात, आणि ज्याच्याकडं एकच पिल्लू आहे त्याच्या दहा पिंकी संपेपर्यंत पिल्लूच पुढच्या साइजला गेलेलं असतं, इथं त्यांनी पाच-पाच मिक्स द्यायला पाहिजेत, मी सांगितलंय, अजून ऐकलेलं नाही. पावसाळ्यात हॉपर हमखास संपतात, जुलै-ऑगस्टचा स्टॉक जूनमध्येच उचलून ठेवा. घरपोच नाही. खानापूरकडनं किंवा निपाणीकडनं येणाऱ्यांनी थर्माकोलचा डबा आणि आईस पॅक स्वतः आणा, ते साध्या कॅरीबॅगमध्ये देतात, आणि निपाणीपर्यंत उन्हाळ्यात नुसत्या पिशवीत टिकत नाही. एकदा दोन मोठे उंदीर ओले गोठवलेले आले, अंगावर बर्फाचा थर, म्हणजे वजनात पाणी धरलेलं. दाखवलं तर दोन बदलून दिले आणि एक वरनं दिला.

भाव, पिंकी ४०, फझी ५०, हॉपर ६५, मोठा ९०. ऑनलाइनपेक्षा नगामागं थोडा जास्तच पडतो, पण पार्सलचा खर्च वाचतो आणि फेकून द्यावे लागत नाहीत, त्यामुळं मला वर्षाचा हिशोब कमीच आला. डीप फ्रीजरमध्ये मी सहा महिन्यांच्या वर ठेवत नाही, तारीख पाऊचवर असतेच.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या दहाच्या अटीसाठी कापला.

जायचं असेल तर नऊच्या आत पोचा, साडेदहापर्यंत मधल्या साइजचे संपलेले असतात. आणि सापाचं वजन त्याच आठवड्यातलं घेऊन जा, महिन्यापूर्वीचं सांगितलं की काका परत घरी पाठवतात.