नंबर खरा, फोटो खरा, गिन्नी खोटी

1918 सालची, मुंबईत पाडलेली सोन्याची गिन्नी ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. आमच्या मामांना अशीच एक गिन्नी विकण्यात आली आणि ती खोटी निघाली. मामा या छंदात नवखे नाहीत. भोसलेकालीन रुपयांपासून त्यांचा संग्रह आहे आणि नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यातले जुने लोक त्यांना नावानिशी ओळखतात. अशा माणसालाही गाठता येईल इतक्या विचाराने हा डाव रचला होता, म्हणून तो तपशिलात सांगतो.

या गिन्नीचे मोल आधी समजून घ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडली आणि 1918 या एकाच वर्षी तिथे सुमारे 13 लाख गिन्न्या पाडल्या गेल्या. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, आणि सालाच्या अगदी वर, जमिनीच्या रेषेवर, बारीकसे इंग्रजी ‘आय’ अक्षर. आय म्हणजे इंडिया. या एका अक्षरासाठी संग्राहक सोन्याच्या भावावर जास्तीचे पैसे मोजतात.

‘भाव फारच कमी दिसला तर सावध व्हा’ हा सल्ला सगळे देतात. इथे तो कामाचा नव्हता, कारण विकणाऱ्याने भाव बाजाराप्रमाणेच सांगितला. घासाघीस केली तेव्हा थोडा अडला, थोडा उतरला, अगदी खऱ्या विक्रेत्यासारखा. गिन्नी प्लास्टिकच्या सीलबंद केसमध्ये होती. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या संस्था नाणे तपासून, दर्जा ठरवून अशा केसमध्ये बंद करतात आणि वर क्रमांक छापतात. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की नाण्याची नोंद दिसते, पुष्कळदा फोटोही. मामांनी क्रमांक टाकला. नोंद निघाली, फोटोही जुळला. जुळणारच होता, कारण जाहिरातीतला फोटो तिथूनच उचललेला होता. दाखवलेला प्रत्येक पुरावा अस्सल होता, पण तो दुसऱ्याच कोणाच्या तरी नाण्याचा होता.

पैसे गेले, पार्सल आले. सोबत विकणाऱ्याची ताकीद होती: केस फोडू नका, फोडली की किंमत संपते. खऱ्या केसबद्दल हे बरोबरच आहे, आणि या डावातली सगळ्यात धूर्त गोष्ट मला हीच वाटते. केस बंद आहे तोवर नाणे वजनाला लागत नाही, त्याची जाडी मोजता येत नाही, आणि क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या सराफाच्या एक्सआरएफ मशीनलाही प्लास्टिकच्या आड नीट वाचता येत नाही. ज्या वेष्टनाने खात्री द्यायची, त्याच्याच आड खोटेपणा लपवला होता.

मामांना शंका आली ती भिंगाखाली. संकेतस्थळावरच्या फोटोत राजाच्या मानेजवळ एक तिरपा ओरखडा आहे. हातातल्या नाण्यावर तो नव्हता. मानेच्या कापावर शिल्पकार मॅकेनलची ‘बी. एम.’ ही अक्षरे ठळक हवीत, ती फुगून एकमेकांत मिसळली होती. इतवारीत नेऊन केस फोडली. सराफाने काटा पाहिला, नाणे बोटांत फिरवले आणि म्हणाले, “मामा, हे सोनं नाही जी. वरून पाणी चढवलं आहे.” खरी गिन्नी 7.98 ग्रॅम भरते. हे नाणे साडेपाच ग्रॅमही भरत नव्हते, आणि तरी जाडीला जास्त होते.

खोटे पाडणाऱ्याची अडचण इथेच आहे. गिन्नीचे सोने 22 कॅरेटचे असते. व्यास सुमारे 22.05 मिलिमीटर, जाडी सुमारे दीड मिलिमीटर. पितळ, तांबे सोन्याच्या निम्म्या घनतेचे, त्यामुळे आकार साधला तर वजन कमी पडते आणि वजन साधले तर नाणे जाड होते. लोहचुंबक चिकटले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, चुंबक पितळ-तांब्यालाही चिकटत नाही. त्यापेक्षा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि गिन्नी दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडा. खरी असेल तर काटा 0.45 ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तेवढ्याच वजनाचे पितळ त्याच्या दुपटीवर जाते. गेल्या शतकाच्या मध्यात लेबनॉनमध्ये चक्क पूर्ण सोन्याच्या नकली गिन्न्या पाडल्या गेल्या, त्या मात्र या परीक्षेत सापडत नाहीत. तिथे भिंग आणि जाणकाराची नजर लागते. हॉलमार्कची वाट पाहू नका, शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यावर तो नसतोच.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली तोवर खाते रिकामे झाले होते. पैसे खात्यात अडवले जाऊ शकतात ते पहिल्या काही तासांत, म्हणून संशय आला की नाण्याची चाचणी पुढे ढकला पण फोन आधी करा. चॅट, जाहिरात, पावती, पार्सलवरचे लेबल, फोडलेली केस, सगळे जपून ठेवा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढलेला असला तर ‘नाणे तुम्हीच बदलले’ म्हणायला त्यांना जागा राहत नाही.

नंतर जे घडले त्याचा मला जास्त संताप आला. रिझर्व्ह बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याचा मामांना फोन आला: तुमचे पैसे सापडले आहेत, आधी कर भरा. ‘जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचे नाव वापरून शुल्क, कमिशन मागितले जाते आणि आम्ही असे काही घेत नाही’, हे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर केले आहे. एकदा लुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आशेवर पुन्हा लुटायला निघालेली ही माणसे आहेत. मामांनी तो नंबरही तक्रारीत जोडला.

आता मामा नाणे घेतात ते समोरासमोर, सराफाच्या काट्यावर ठेवून, बिलासह. बाहेरगावचा विक्रेता असेल तर केसमधल्या नाण्याचा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवलेला, दोन्ही बाजूंचा व्हिडिओ मागतात, आणि नोंदीतल्या फोटोतली प्रत्येक खूण त्यावर शोधतात. आमच्या विकणाऱ्याकडे असा व्हिडिओ मागितला असता तर त्याच्याजवळ दाखवायला खरे नाणे नव्हतेच.

तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे. फोटो तेच आहेत. राजाच्या मानेजवळ तिरपा ओरखडा असलेली 1918 ची मुंबई गिन्नी कोणी तुम्हाला देऊ केली, तर पैसे पाठवण्याआधी तो व्हिडिओ मागा, आणि टाळाटाळ झाली तर चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन 1930 वर कळवा.