सिमन्स की मिचेल? २०१८ चा वाद

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या २०१७-१८ हंगामातला सर्वोत्तम नवोदित कोण, यावर आजही वाद रंगतो.

बेन सिमन्स २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची निवड करतात त्यात, पहिला निवडला गेलेला खेळाडू, पण पायाच्या दुखापतीमुळे त्याचं पहिलं वर्ष वाया गेलं. म्हणजे त्याच्या फिलाडेल्फिया संघाच्या पैशावर वर्षभर जिम, प्रशिक्षक, व्हिडिओ सगळं मिळालेलं. युटा संघाच्या डोनोव्हन मिचेलचा आक्षेप नेमका हाच. गडी 'रूकी' (नवोदित) शब्दाची व्याख्या छापलेली हूडी घालून आला! मजा आली, पण नियम सिमन्सच्या बाजूने होता. त्याआधी एकही सामना न खेळलेला तो नवोदितच. ब्लेक ग्रिफिननेही असंच वर्ष गमावून २०११ मध्ये हा मान मिळवला होता.

मिचेल १३ वा निवडला गेलेला. युटाचा हुकमी खेळाडू गॉर्डन हेवर्ड बोस्टनला गेल्यावर युटाचं आक्रमण त्याच्या गळ्यात पडलं आणि पठ्ठ्याने सामन्यामागे सरासरी २०.५ गुण काढले. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध तर एकट्याने ४१!

सिमन्सचे गुण १५.८, पण सोबत ८.१ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू), ८.२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास). सहा फूट दहा इंचांचा माणूस पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा, म्हणून खेळायचा, वर बचावही चोख. संघाचा मुख्य खेळाडू जोएल एम्बीड जखमी असताना शेवटचे आठही सामने संघाने जिंकले. तीन गुणांचा फटका मात्र अख्ख्या हंगामात एकही नाही.

पुरस्काराच्या मतदानात १०१ पैकी ९० पहिल्या पसंतीची मतं सिमन्सला पडली. माझंही मत त्यालाच, फक्त एवढा एकतर्फी निकाल पटत नाही.