कानपुरी ड्रेसाज सॅडल, नऊ महिन्यांनी

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून आखीव, लयबद्ध चाली करून घेण्याचा खेळ) संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. त्यानंतर ज्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं, त्यांतली मी एक. पुण्यात आठवड्यातून चार पहाटे राइड करते. स्पर्धा वगैरे नाही. २० मीटरचं वर्तुळ खरोखर गोल निघालं तरी दिवस सार्थकी लागतो.

सॅडल, म्हणजे खोगीर, कानपूरचं. साडेसतरा इंची सीट, लांब सरळ फ्लॅप (मांडीखालची चामड्याची झडप), आखूड गर्थ (पोटाखालचा पट्टा), पॅनलमध्ये (घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या गादीत) लोकर. कारखान्याचं नाव देत नाही, कारण मी त्यांना दोन खरमरीत मेल पाठवले आणि त्यातला एक निव्वळ अन्याय होता.

जंपिंग सॅडलवरून यात आलं की पहिल्या दिवशी आपण बसायला विसरलोय असं वाटतं. मांडी खाली लोंबते, गुडघ्याला धरायला फारसं काही उरत नाही. 'मांड पक्की' म्हणजे गुडघे आवळणं, अशी माझी इतकी वर्षं समजूत. पण आवळलं की स्वार वर उचलला जातो. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) चारही पाय एकदा पडेपर्यंत घोड्याचं धड दोनदा खाली जातं, दोनदा वर येतं, आणि पाय टेकून जोर येतो तेव्हा पाठीवरचा भार स्वाराच्या वजनाच्या जवळपास दुप्पट होतो. कंबर सैल नसेल तर घोडा वर येत असताना आपण खाली आदळतो. या सॅडलने ते लपवलं नाही, पहिले तीन आठवडे पाठ धरली. जाड नी-ब्लॉकवालं (गुडघा अडवणाऱ्या उशीचं) मॉडेल घेतलं नाही ते बरंच केलं.

सॅडल कुठे ठेवायचं हे मी हाताने शिकले. सईसाला घोडा चालवायला सांगितला आणि फ्लॅपच्या पुढच्या कडेखाली बोटं सरकवली. घोड्याला आपल्यासारखं कॉलरबोन नसतं, खांद्याचं पातं स्नायूंवरच टांगलेलं. पुढचा पाय पुढे गेला की पात्याचं वरचं टोक मागे सरकतं. सॅडल जेमतेम दोन बोटं पुढे होतं, तरी त्या टोकाने माझी बोटं ट्रीवर (सॅडलच्या आतल्या सांगाड्यावर) अशी चेपली की हात ओढून घेतला. आमचा घोडा रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, विदर्स (मानेमागचा पाठीचा उंचवटा) उंच. तो पाऊल आखूड टाकतो म्हणून मी त्याला आळशी म्हणत होते.

चौथ्या महिन्यात लोकर बसली. विदर्सच्या वर तीन बोटांची जागा होती, ती दीडवर आली. नव्या लोकरीचं हे होतंच, पण कारखान्याने आधी सांगायला हवं होतं, आणि माझ्या पहिल्या मेलला "सॅडल परत पाठवा" हे काही उत्तर नव्हे. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने दुपारभर बसून भरून दिलं. खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी गोष्टीसाठी ज्याने रूढ केला, तो कधी घोड्यावर बसला नसणार.

मग सुरू झालं खरं दुखणं. सॅडल उजवीकडे सरकायला लागलं. डावीकडच्या वर्तुळावर कमी, उजवीकडे जास्त. "ताई, परत गेलंय बघा," सईस रोज सांगायचा. मी ट्रीच वाकडी म्हणून दुसरा मेल ठोकला. प्रशिक्षक म्हणाले, तुम्हीच उजवीकडे कलता. म्हणून दुसऱ्या एका मुलीला बसवलं, तरी सॅडल उजवीकडेच. जुनं जंपिंग सॅडल घातलं, तेही उजवीकडे!

सातव्या महिन्यात पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी इंग्लंडच्या सू डायसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा दाखला दिला: मागचा पाय दुखत असला की सॅडल बहुतेक वेळा त्याच बाजूला सरकतं, आणि भूल देऊन पाय बधिर केला की सरळ बसतं. आमच्या घोड्याचं लंगडणं सरळ चालीत मला तरी दिसत नव्हतं. उजव्या हॉकला (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याला) भूल दिली, थोडं थांबून मी बसले, दोन्ही बाजूंना वर्तुळं काढली. सॅडल मधोमध. सईस माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे.

हॉकवर उपचार झाले, सहा आठवडे हलकं काम झालं. आता सॅडल काढलं की पाठीवर दोन्ही बाजूंना घामाचे सारखे पट्टे असतात आणि मधली मणक्यांवरची रेघ कोरडी. कानपूरला माफीचा मेल पाठवला, त्याचं उत्तर मात्र त्याच दिवशी आलं.

घ्यावं का? उंच विदर्सचा घोडा असेल आणि लोकर भरून देणारा माणूस हाताशी असेल, तर जरूर. शिवण अजून पक्की आहे. फ्लॅपचा काळा रंग पांढऱ्या ब्रीचेसला लागतो, तो नऊ महिन्यांतही थांबलेला नाही.