मोटरसायकल ठेवून ई-सायकल: नायगाव ते फोर्ट, पावसाळ्यासकट

मुंबईत सायकलने ऑफिसला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न घामाचा. अंतर, चढ, वेळ हे सगळं नंतर. मे महिन्यात सकाळी नऊला दादरजवळच्या नायगावहून निघायचं आणि फोर्टला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला, मग तसंच एसीत बसायचं, हे रोज जमणारं नाही. म्हणून जेमतेम दहा किलोमीटरसाठी मी वर्षानुवर्षं १५० सीसीची मोटरसायकल चालवली. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ई-सायकल घेतली. आता उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा तिच्यावर काढून झालाय. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

गाडीची जात आधी सांगतो: मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची काढता येणारी लिथियम बॅटरी, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, सात गिअर. मोटर २५ च्या स्पीडपर्यंतच साथ देते, पुढचं पायांवर. ही मर्यादा मुद्दाम आहे. २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली बॅटरीची गाडी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही, त्यामुळे नोंदणी, लायसन्स, विमा, पीयूसी काही लागत नाही. दुकानदार ‘लॉक काढून चाळीसने पळवून देतो’ म्हणाला, तर नको म्हणा. तसं केलं की ती विनानोंदणीची मोटरसायकल होते, आणि अपघात झालाच तर सगळं तुमच्या अंगावर येतं. हेल्मेट मात्र मी रोज घालतो, कायदा मागो न मागो.

आता घामाचं. पेडल असिस्टला पाच लेव्हल आहेत. जाताना मी चार किंवा पाचवर ठेवतो. पाय फिरतात, पण जोर मोटरचा. सतत वारा लागत राहतो आणि भर उन्हाळ्यातही चालत स्टेशनला गेल्यावर येतो त्याहून कमी घाम येतो. सिग्नलला उभं राहिलं की तेवढं जाणवतं. येताना लेव्हल एक, कधी बंदच. घरी जाऊन आंघोळच करायची असते, मग व्यायाम तेव्हाच करावा. या एका सोयीसाठी मला ही गाडी साध्या सायकलपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. पाठीवर सॅक मात्र अजिबात नको. मागे कॅरिअर लावून बॅग त्यावर बांधा, निम्मा घाम तिथेच वाचतो.

वेळेचं म्हणाल, तर आंबेडकर रोडने मोटरसायकलवर साधारण पस्तीस मिनिटं लागायची, आता पंचेचाळीसच्या आसपास. मोटरसायकलवर लालबागचा उड्डाणपूल धरून थेट राणीच्या बागेपाशी उतरायचो. आता खालून जातो: हिंदमाता, परळ, भारतमाता, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा. पुलावर बस आणि टॅक्सी सुसाट असतात, तिथे पंचविशीत चालणाऱ्याचं काम नाही. जे.जे.चा पूल दुचाकींना बंदच आहे, त्यामुळे मोहम्मद अली रोड तेव्हाही खालूनच होता, आताही खालूनच. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केल्यापासून परळ-दादरकडे गाड्यांची जी कोंडी होते, त्यात तर मोटरसायकलवाले आणि मी सिग्नलला वारंवार शेजारी-शेजारी उभे असतो.

खालच्या रस्त्याचा एक फायदा मी धरला नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये लालबागच्या मिरची गल्लीजवळून जाताना भाजलेल्या मिरचीचा आणि धण्यांचा वास चांगला शंभर पावलं सोबत येतो. कांडप गिरण्या सुरू असतात, बायका स्टीलचे डबे घेऊन रांगेत. वर पुलावरून इतकी वर्षं गेलो, हे कधी नाकाला लागलं नाही. गणपतीत मात्र या पट्ट्यात सायकल हातात धरूनच चालावं लागतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

रेंज. जाहिरातीत चाळीस किलोमीटर लिहिलंय. माझ्या वजनाला, थांबत-निघत, चौथ्या-पाचव्या लेव्हलवर पंचवीस ते अठ्ठावीस मिळतात. नुसतं थ्रॉटल पिळत गेलात तर आणखी कमी. माझं जाऊन-येऊन भागतं, पण तुम्ही चेंबूरहून नरिमन पॉइंटला जायचं म्हणत असाल तर ऑफिसात चार्जिंगची सोय आहे का ते आधी बघा. बेटावरचा रस्ता बराचसा सपाट आहे हेही लक्षात घ्या. केम्प्स कॉर्नरहून मलबार हिल चढवून बघितली. चढते, पण काटा भराभर खाली येतो आणि पायाने चांगलीच मदत करावी लागते.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. पेट्रोल शंभरीपार, रोजचं जवळजवळ अर्धा लिटर. इथे पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटच्याही आत वीज लागते, म्हणजे महागातला स्लॅब धरला तरी दहा रुपयांच्या आत. पण बॅटरी कायमची नसते. पाचशे ते आठशे चार्जनंतर तिची ताकद उतरू लागते आणि नवी घ्यायची तर दहा-बारा हजार बाजूला काढावे लागतील. ते धरूनही फायदा आहे, फक्त जाहिरातीत दाखवतात तितका नाही.

आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बावीस-तेवीस किलोची सायकल रोज वर नेणं अशक्य, म्हणून ती खाली जिन्याच्या कठड्याला दोन साखळ्यांनी. अडीच किलोची बॅटरी पिशवीत घालून वर. पहिल्या आठवड्यात शेजारचे नाना म्हणाले, “अरे, पॅसेजमध्ये लाव की चार्जिंगला, आत कशाला अडचण करतोस?” त्यांना समजावलं की पॅसेज ही सगळ्यांची बाहेर पडायची वाट आहे, तिथे लिथियम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. मी संध्याकाळी आल्यावर बॅटरी तासभर गार होऊ देतो, मग लादीवर ठेवून, घरात कुणीतरी जागं असतानाच चार्ज करतो. चार-पाच तास लागतात. रात्रभर लावून झोपत नाही, आणि चार्जर कंपनीचाच वापरतो. एवढ्याशा घरात माणसं आणि बॅटरी एकत्र राहायची तर एवढी शिस्त हवीच.

पावसाळा. सर पडली म्हणून काही बिघडत नाही. डिस्प्लेवर प्लास्टिकची पिशवी आणि मोठे मडगार्ड एवढ्यावर भागतं. साचलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. मोटर चाकाच्या मध्यात आहे, म्हणजे आसापर्यंत पाणी आलं की ती बुडाली. हिंदमाताला भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरतं, पण भरती आणि मुसळधार एकत्र आली की मी सायकल बाहेरच काढत नाही, सरळ दादरहून लोकल पकडतो. खारी हवा आणि पाऊस यांनी चेन मात्र भराभर गंजते. दर आठवड्याला पुसून तेल द्यावंच लागतं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मागच्या पंक्चरची. त्या चाकात मोटरची वायर जाते, आसाचे नट अठराच्या पान्याचे असतात आणि तो पाना फुटपाथवरच्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही. भायखळ्याला एकाने चाक हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, “साहेब, वायर तुटली तर माझ्यावर येईल, मी नाही खोलत.” त्याचं बरोबरच होतं. पुढच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी चाक न काढताच काम केलं. सायकल आडवी घातली, टायरची एक कड रिममधून उचलली, ट्यूबचा फुटका भाग तेवढा बाहेर ओढला, घासला, पॅच लावला, परत आत सारला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेव्हापासून मीही तसंच करतो. टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि अठराचा पाना कॅरिअरच्या पिशवीत कायम असतो. मागच्या चाकाचे स्पोकही मोटरच्या वजनाने सैल पडतात, दोन महिन्यांनी ताणून घ्या.

रस्त्यावर जागा कुणी देत नाही, हे मला मनापासून खटकतं. या शहरातले गिरणी कामगार सायकलने कामावर जायचे, आणि आज सायकलवाल्याला डाव्या कडेची हातभर पट्टीसुद्धा मोकळी मिळत नाही. तिथे उभे टेम्पो, हातगाड्या, अचानक उघडणारी टॅक्सीची दारं. पालिकेने सायकल ट्रॅक काढला तो पवई तलावाच्या काठाने, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. लोक रोज कामाला जातात त्या आंबेडकर रोडसारख्या रस्त्याला ट्रॅक हवा. तोवर दारांपासून हातभर अंतर ठेवून, आरसा लावून, अंधार पडायच्या आधी दिवे लावून चालवा.

मोटरसायकल विकलेली नाही. डोंबिवलीला बहिणीकडे किंवा मोठं सामान असेल तेव्हा तीच लागते. तुमचं एका बाजूचं अंतर बारा किलोमीटरच्या आत असेल आणि वाटेत हायवे नसेल, तर ई-सायकल बिनधास्त घ्या. घेताना बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, नवी बॅटरी केवढ्याला आणि मागचं चाक खोलणारा मेकॅनिक त्यांच्याकडे आहे का, एवढं विचारा आणि बिलावर लिहून घ्या.