ग्रेसी कॉम्बॅटिव्हज : स्वसंरक्षणाच्या कसोटीवर एक व्हिडिओ अभ्यासक्रम

स्वसंरक्षण शिकवणारा कोणताही व्हिडिओ पाहताना आपली नजर शिकवणाऱ्यावर खिळते, कारण कॅमेराही त्याच्यावरच रोखलेला असतो. व्हिडिओची पारख करायची असेल, तर मात्र मार खाणाऱ्याकडे, म्हणजे हल्लेखोर बनलेल्या जोडीदाराकडे, पाहावे. चाकूहल्ल्याच्या बहुतेक व्हिडिओंत हल्लेखोर एकदाच भोसकल्याचा आविर्भाव करतो आणि मग लांबवलेला हात तसाच हवेत ठेवून, कोणीतरी आपले मनगट पिरगाळावे म्हणून ताटकळत उभा राहतो. खरा हल्लेखोर हात क्षणात मागे ओढतो, लागोपाठ वार करतो आणि मोकळ्या हाताने समोरच्याची कॉलर पकडतो. ‘हल्लेखोर’ इतका समजूतदार असेल, तर शिकवणाऱ्याच्या कमरेला कितीही काळा पट्टा असो, तो व्हिडिओ करमणुकीपलीकडे फारसा उपयोगाचा नसतो.

रेनर आणि रायरन ग्रेसी या भावांचा ‘ग्रेसी कॉम्बॅटिव्हज’ हा अभ्यासक्रम या निकषावर बहुतेकांपेक्षा उजवा ठरतो. जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा यांनी ब्राझीलमध्ये नेलेली आणि ग्रेसी कुटुंबाने, विशेषतः हेलियो ग्रेसी यांनी, किरकोळ अंगकाठीच्या माणसाला पेलेल अशी घडवलेली ही जुजुत्सू, म्हणजे पकडी आणि विळखे यांच्या जोरावर जमिनीवर लढण्याची कला. 1993 साली डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धेत हेलियोंचे चिरंजीव रॉयस यांनी आपल्याहून धिप्पाड स्पर्धकांना नमवले, तेव्हा तिचा गवगवा जगभर झाला. त्याच पद्धतीतले 36 मूलभूत डाव निवडून हा अभ्यासक्रम रचला आहे. भाषा इंग्रजी आहे, बोलणे अमेरिकी वेगाचे आहे. पण प्रत्येक डावाचे लहान तुकडे पाडून, तेच अनेक कोनांतून दाखवल्यामुळे शब्द निसटला तरी कृती निसटत नाही.

पहिल्याच धड्यात अभ्यासक्रमाचा स्वभाव कळतो. तुम्ही उताणे पडलेले आहात, प्रतिस्पर्धी छातीपोटावर बसलेला आहे आणि त्याचे दोन्ही हात तुमच्या गळ्यावर आहेत. त्याचा एक हात मनगट आणि कोपरामागे धरून छातीशी जखडायचा, त्याच बाजूचे त्याचे पाऊल आपल्या पावलाने बाहेरून अडकवायचे, कंबर जोरात वर उचलायची आणि जखडलेल्या बाजूच्या खांद्यावरून त्याला उलथवायचे. हात आणि पाऊल एकाच बाजूचे बांधलेले असल्याने त्या बाजूला टेकायला त्याच्याजवळ काहीच उरत नाही, आणि सगळी मख्खी तिथे आहे. यापुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो : तो गळा न दाबता ठोसे मारू लागला तर काय करायचे, त्याने मान काखेत आवळली तर काय, आणि उलथल्यानंतर त्याने पायांनी तुमची कंबर वेढली तर त्यातून कसे निघायचे, हेही त्याच धड्यात येते. पुढे सुटे डाव एकमेकांना जोडून सराव करायला लावतात आणि जोडीदाराला मुद्दाम ‘चुकीच्या’ हालचाली करायला सांगतात. डाव फसला तर काय, हा प्रश्न जो व्हिडिओ स्वतःहून विचारतो, त्याच्यावर निम्मा विश्वास तिथेच बसतो.

आपल्याकडच्या तालमीत घडलेल्या प्रेक्षकाला इथे एक मोठा झटका बसेल. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, त्यामुळे मल्ल खाली जाताना पोटावर वळतो. ती सवय त्याच्या हाडात मुरलेली असते. या अभ्यासक्रमाची अर्धी मांडणी पाठ टेकल्यानंतर सुरू होते, आणि पोटावर वळणे ही त्यात सर्वांत घातक चूक ठरते, कारण पाठ दिली की मागून गळ्याला विळखा पडतो. उलट, मल्लाची पकड, कमरेची ताकद आणि समोरच्याला जमिनीवर आणण्याचे कसब त्याला इथे आयतेच उपयोगी पडते. ठोसा मारणाऱ्यापासून एकतर पूर्ण लांब राहा नाहीतर पूर्ण बिलगा, मधल्या अंतरात घुटमळू नका, हे या धड्यांचे सूत्र त्याला समजावून सांगावेच लागणार नाही.

आता उणिवा. या 36 डावांत चाकू नाही, काठी नाही आणि दुसरा हल्लेखोरही नाही. एकास एक, निःशस्त्र, मऊ मॅटवर, ही चौकट मान्य केली तर अभ्यासक्रम अव्वल आहे. पण आपल्याकडची भांडणे बस स्थानकावर, पार्किंगमध्ये नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत होतात, आणि तिथे समोरच्याचे दोन-तीन मित्र बहुधा जवळच असतात. डांबरी रस्त्यावर कोणाला पायांत अडकवून पडून राहायचे आणि त्याच्या मित्राची लाथ डोक्यात घ्यायची, हा व्यवहार परवडणारा नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात अमेरिकी लष्कराच्या रेंजर तुकडीनेही ग्रेसींकडून धडे घेतले, या गोष्टीचा जाहिरातीत मोठा आधार घेतला जातो. मात्र सैनिकाला मदत करणारा साथीदार सशस्त्र असतो आणि तो जवळपासच असतो. रात्री एकट्याने घरी परतणाऱ्या माणसाची स्थिती नेमकी उलटी असते. म्हणून खाली पडल्यावर लवकरात लवकर उठून पळायचे कसे, यावर अधिक भर हवा होता.

कायद्याच्या अंगाने मात्र हा अभ्यासक्रम डोळ्यांत बोटे घालायला शिकवणाऱ्या व्हिडिओंपेक्षा सुरक्षित आहे. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे, पण बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, हे कलम 37 सांगते. दारू पिऊन अंगावर आलेल्या नातेवाइकाला न मारता दाबून धरता येणे, ही या दृष्टीने मोठीच सोय आहे. गळ्याच्या विळख्याबाबत मात्र सावध राहावे. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा अडला की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, आणि त्यानंतरही पकड न सोडल्यास जीव जाऊ शकतो. सरावातही जोडीदाराने ‘सोड’ या खुणेची थाप मारताच हात सोडायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

घरी चित्रित केलेली परीक्षा पाठवून पट्टा मिळवण्याच्या सोयीवरून जुजुत्सूच्या वर्तुळात पूर्वी बरीच वादावादी झाली. स्वसंरक्षणापुरता तो वाद गौण आहे, कारण पट्टा पाहून कोणी हल्ला थांबवत नाही.

ठरावीक जोडीदार, घरात मॅटइतकी जागा आणि आठवड्यातून दोन-तीनदा घाम गाळायची तयारी असेल, तर हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. सोफ्यावर बसून एकट्याने पाहणार असाल, तर घेऊ नये. कंबर नेमकी कधी उचलायची, हे छातीवर सत्तर किलोंचे वजन बसल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी घेतला आहे, त्यांनी पहिला धडा पाठ झाल्यावर नेहमीचा जोडीदार बाजूला ठेवावा आणि हा डाव ज्याला ठाऊकच नाही, अशा जाडजूड मित्राला अंगावर बसवून पाहावे.